मलमाचा निकाल आरशाला विचारू नये

जानेवारीतल्या एका सोमवारी आमच्या लॅब मॅनेजर कामावर आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा भाजल्यासारखा दिसत होता. कपाळ, नाकाचा शेंडा, दोन्ही गाल लालभडक. मधूनमधून खपल्या, आणि एका भुवईच्या वर ओली जखम. लिफ्टमध्ये लोक बघायचे आणि पटकन मान फिरवायचे. मला राहवेना, विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी मलम दिलंय. आज अकरावा दिवस. एकवीस दिवस लावायला सांगितलंय, पण मला वाटतं आजच बंद करावं."

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी आईला हे सांगितलं. आधी ती हळहळली, कोरफडीचा गर लावायला सांग म्हणाली. मग मी म्हटलं की उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचं औषध आहे ते. त्यावर दोन मिनिटं शांतता, आणि मग, "अगं, माझ्या गालावरचे वांग पण उन्हानेच आलेत म्हणतात. मार्चमध्ये येशील तेव्हा एक ट्यूब घेऊन ये की."

एकच मलम. एकीला ते अर्ध्यात सोडायचं होतं, दुसरीला सुरू करायचं होतं. आणि दोघींचाही अंदाज चुकत होता. तो का चुकत होता, हे समजून घ्यायचं तर ऊन त्वचेच्या आत नेमकं काय करतं इथून सुरुवात करावी लागते. (मी पेशींवर संशोधन करते, डॉक्टर नाही. मॅनेजरबाईंची गोष्ट त्यांना विचारूनच लिहितेय.)

ऊन आत काय करतं

आपण म्हणतो, उन्हात कातडी रापली. रापणं बाहेरून दिसतं. खरा कारभार त्याच्या खाली चालतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, त्यातही यूव्ही-बी, त्वचेच्या पेशीतल्या डीएनएपर्यंत पोचतात. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक माळ आहे. त्यातलं एक अक्षर थायमिन. दोन थायमिन शेजारी शेजारी असतील, तर अतिनील किरणांमुळे ते एकमेकांना चिकटतात. पुस्तकाची दोन पानं ओली होऊन चिकटावीत तसं. पेशीकडे ही पानं सोडवणारी दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती रात्रंदिवस काम करते. पण सगळंच दुरुस्त होत नाही. काही चुका तशाच राहतात, पुढच्या पिढीतल्या पेशींकडे जातात.

नुकसान फार झालं तर पेशीला स्वतःला संपवायचा आदेश मिळतो. समुद्रावर दिवस घालवल्यावर गोऱ्या माणसांची साल निघते, तेव्हा त्यात अशा मेलेल्या पेशी असतात. हा आदेश द्यायला मदत करणाऱ्या जनुकाचं नाव पी-५३. आता विचार करा, उन्हामुळे एखाद्या पेशीतलं पी-५३ च बिघडलं तर? पुढच्या वेळी कडक उन्हात शेजारच्या चांगल्या पेशी मरतील, ही मात्र मरणार नाही. मोकळ्या झालेल्या जागेत ती पसरेल. म्हणजे ऊन बिघडलेली पेशी तयार करतं आणि वर तिला जागाही करून देतं.

अशा पेशींचा पुंजका पुरेसा वाढला की त्वचेवर लहानसा खरखरीत डाग दिसतो. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखा लागतो. बऱ्याचदा तो डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांनाच कळतो. याला म्हणतात ॲक्टिनिक केराटोसिस. चेहरा, कान, टक्कल पडलेलं डोकं, हाताची मागची बाजू, म्हणजे वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या जागा हे त्याचं घर. हा कर्करोग नाही, पण त्या वाटेवरचा टप्पा आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेल्या एका अभ्यासात, अशा एका डागाचं वर्षभरात स्क्वॅमस सेल कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाण सुमारे ०.६ टक्के आणि चार वर्षांत सुमारे २.६ टक्के निघालं. एका डागासाठी हे थोडं वाटतं. पण ज्यांना असे डाग असतात त्यांना सहसा एक नसतो, वीस-पंचवीस असतात.

शिवाय दिसतात ते डाग म्हणजे सगळं नव्हे. २०१५ साली केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी चार जणांच्या पापण्यांची, वरून अगदी निरोगी दिसणारी त्वचा तपासली. साधारण चौथ्या हिश्शाच्या पेशींमध्ये कर्करोगाकडे ढकलू शकणारे बदल आधीच होते. वर काहीच दिसत नव्हतं. म्हणून डॉक्टर एकेका डागाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या जमिनीचा विचार करतात. एकदोन डाग असतील तर द्रव नायट्रोजनने गोठवून काढतात. सगळं कपाळच खराब असेल तर मलम.

मूळचं औषध कर्करोगाचं

मॅनेजरबाईंच्या ट्यूबमध्ये होतं फ्लुरोयुरॅसिल, पाच टक्के. अमेरिकेत एफ्युडेक्स, ब्रिटनमध्ये एफ्युडिक्स या नावाने ते ओळखलं जातं. हे मूळचं सौंदर्यप्रसाधन नव्हे. हे कर्करोगाचं औषध आहे, आजही आतड्याच्या कर्करोगात ते शिरेतून देतात.

१९५० च्या दशकात असं लक्षात आलं होतं की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा पदार्थ निरोगी पेशींपेक्षा जास्त वापरतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले चार्ल्स हायडेलबर्गर यांनी यावरून एक युक्ती काढली. पेशीला युरॅसिलची भूक आहे ना? मग तिला युरॅसिलसारखंच दिसणारं, पण आत खोट असलेलं काहीतरी द्या. युरॅसिलच्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला आणि १९५७ मध्ये हे औषध जगापुढे आलं.

पेशीत युरॅसिलपासून थायमिन बनवणारं एक एन्झाइम असतं. ते कुलूप समजा आणि युरॅसिल किल्ली. फ्लोरिनवाली किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही आणि बाहेरही येत नाही. तुटून अडकते. थायमिन बनणं बंद, म्हणजे नवा डीएनए बनणं बंद. जी पेशी सारखी विभागतेय ती उपासमारीने मरते. जी निवांत आहे ती तग धरते. गंमत बघा, उन्हाने खराब केलं तेही थायमिन, आणि औषधाने तोडलं तेही थायमिनच.

त्वचेवर हे चालेल, हे मात्र कोणी ठरवून शोधलं नाही. कर्करोगासाठी हे औषध शिरेतून घेणाऱ्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावरचे जुने उन्हाचे डाग अचानक लाल झाले, चिडले आणि मग गळून गेले. १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी याची नोंद केली. औषध अंगभर फिरत होतं, पण चेहऱ्यावर त्याने नेमके तेवढेच डाग पकडले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ते थेट त्वचेवर लावून पाहण्याचे निष्कर्ष छापून आले आणि १९७० मध्ये मलमाला मान्यता मिळाली.

ही १९६२ ची नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण मॅनेजरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. हे मलम सगळ्या चेहऱ्याला सरसकट जाळत नाही. जिथे बिघाड आहे तिथे ते जास्त पेटतं. अकराव्या दिवशी आरशात दिसणारा चेहरा म्हणजे औषधाने केलेली नवी खराबी कमी, आणि चाळीस वर्षं लपून बसलेली जुनी खराबी जास्त.

अकरावा दिवस

साधारण क्रम असा असतो. मलम दिवसातून दोनदा, पातळ थरात, डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या भागावर लावायचं. पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही, आणि माणसाला वाटतं ट्यूब जुनी आहे. मग लाली येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जळजळ, खपल्या, कुठे कुठे ओल्या जखमा. पुष्कळ लोक इथेच थांबतात, कारण घरचे म्हणतात, "ॲलर्जी झाली, टाकून दे." खरं तर डॉक्टर ज्याची वाट बघत असतात ते हेच. ठरलेले दोन ते चार आठवडे झाले, किंवा जखमा पुरेशा झाल्या असं डॉक्टरांनी सांगितलं, की मलम बंद करायचं. नवी त्वचा यायला त्यानंतर आणखी काही आठवडे लागतात, लाली पूर्ण जायला कधी कधी एक-दोन महिने.

याचा अर्थ कितीही त्रास झाला तरी दात-ओठ खाऊन सोसायचं, असा नाही. डोळे सुजले, ताप आला, जखमेत पू झाला, जुलाब सुरू झाले किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. औषध शरीरात मोडून टाकणारं डीपीडी नावाचं एन्झाइम काही थोड्या लोकांमध्ये जन्मतःच कमी असतं. त्यांना हे मलम घातक ठरू शकतं. गरोदर असाल किंवा गरोदर राहण्याची शक्यता असेल तर हे वापरायचंच नाही. लावून झाल्यावर हात धुवायचे, पापण्या, नाकपुड्या आणि ओठ सांभाळायचे. आणि घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ट्यूब कपाटात बंद. त्यांच्या पोटात थोडं जरी गेलं तरी जीव जाऊ शकतो. मलम लावलेला गालही त्यांना चाटू द्यायचा नाही.

एवढं सोसून पदरात काय पडतं? नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वर्षभरानंतर उपचार टिकून राहण्याचं प्रमाण फ्लुरोयुरॅसिलमध्ये सुमारे ७५ टक्के होतं. इमिक्विमॉड नावाच्या मलमात ५४, प्रकाश-उपचारात ३८ आणि इंजेनॉल या जेलमध्ये २९. पन्नास वर्षं जुनं औषध नव्यांना मागे टाकून गेलं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ९३२ माजी सैनिकांवरचा, २०१८ चा. या सगळ्यांना आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेलेले होते. निम्म्यांना चेहरा आणि कानांवर लावायला हे मलम दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं मलम. पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागेल असा स्क्वॅमस सेल कर्करोग मलमवाल्यांपैकी ५ जणांना झाला, दुसऱ्या गटात २० जणांना. म्हणजे ७५ टक्के कमी. पण पुढच्या वर्षांमध्ये हा फरक टिकला नाही. शेत एकदा निंदलं म्हणून तण पुन्हा उगवायचं थांबत नाही, तसंच हे. तपासणी चालू ठेवावी लागते आणि गरज पडली तर मलम पुन्हा लावावं लागतं.

तीन आठवडे फार वाटत असतील तर आणखी एक वाट आहे. सोरायसिससाठी वापरतात ते कॅल्सिपोट्रिऑल फ्लुरोयुरॅसिलमध्ये मिसळून फक्त चार दिवस लावायचं. २०१७ च्या चाचणीत याने चेहऱ्यावरचे डाग सरासरी ८८ टक्क्यांनी कमी केले. नुसतं फ्लुरोयुरॅसिल तेवढेच चार दिवस लावलं, तेव्हा २६ टक्के. हे मिश्रण शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही जागं करतं. अमेरिकेत काही डॉक्टर ते देतात, विचारायला हरकत नाही.

मॅनेजरबाईंनी त्या दिवशी माझ्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. फोटो मागवून तिथल्या नर्सने सांगितलं, "अगदी असंच दिसायला हवं." बाईंनी उरलेले दिवस घरून काम केलं, पण मलम पूर्ण केलं.

आणि आईचे वांग?

आता दुसरी बाजू. आईचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. वांग येण्यात उन्हाचा हात असतोच. पण ऊन त्वचेचं दोन वेगळ्या प्रकारे नुकसान करतं, आणि आपल्या आणि गोऱ्या लोकांच्या त्वचेत त्यांचं प्रमाण वेगळं असतं.

सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात आणि डीएनएवर सावली धरतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत झालेल्या मोजणीत, गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून सुमारे २४ टक्के यूव्ही-बी पार गेलं, कृष्णवर्णीय त्वचेतून सुमारे ७ टक्के. आपण बहुतेक जण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. म्हणूनच ॲक्टिनिक केराटोसिस भारतात क्वचित दिसतो. आपली त्वचा उन्हाला उत्तर देते ती रंगाने. डाग, काळवंडणं, वांग. वांगात पेशी कर्करोगाच्या वाटेवर नसतात. रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त काम करत असतात, एवढंच. त्यामागे ऊन असतं, तसंच गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याचा वारसाही असतो.

मग अशा गालावर फ्लुरोयुरॅसिल लावलं तर? मारायला बिघडलेल्या पेशी फारशा नाहीत, पण जळजळ होणारच. आणि आपल्या त्वचेत जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो. साधी पुळी फोडली तरी सहा महिने खूण राहते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वांग घालवायला गेलो आणि वांगावर डाग आणले, अशी गत.

खरं तर मला आईच्या या मागणीची जितकी काळजी वाटली, त्यापेक्षा जास्त काळजी तिच्या कपाटातल्या दुसऱ्या एका ट्यूबची वाटली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती असेल. काहींच्या बॅगेतून इकडेही आली असेल. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, असं तिहेरी मिश्रण. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरलं तर वांगावर हे चांगलं औषध आहे. पण ते गोरं होण्याचं क्रीम म्हणून महिनोन् महिने लावलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली, तरी मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून ट्यूब मिळते, हा आपला अनुभव आहेच.

या ट्यूबचा प्रवास फ्लुरोयुरॅसिलच्या बरोबर उलटा. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मऊ होतो, बायका एकमेकींना नाव सांगतात. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. बंद करावं तर चेहरा आणखी लाल होतो. मग वाटतं, "क्रीमच बरं होतं," आणि पुन्हा सुरू. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा चेहरा इतक्या वेळा दिसतो, की त्यांनी त्याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच दिलंय.

एक मलम आधी बिघडवतं आणि मग सुधारतं. दुसरं आधी सुधारतं आणि मग बिघडवतं. दोन्हीकडे दुसऱ्या आठवड्यातला आरसा खोटं बोलतो. म्हणून मलम लावायच्या आधीच तीन प्रश्न विचारून घ्यावेत: हे माझ्या नेमक्या कोणत्या आजारावर आहे? किती दिवस लावायचं? मधल्या काळात चेहरा कसा दिसणं अपेक्षित आहे? या तिन्हींची उत्तरं देणारा माणूस समोर नसेल, तर ती ट्यूब कितीही चांगली असो, आपली नाही.

मग आपण निश्चिंत राहायचं का?

नाही. गोरी-घारी माणसं आपल्यातही आहेत. अल्बिनिझम असलेल्यांना, आणि मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हाच्या डागांचा धोका कितीतरी जास्त. आणि सावळ्या त्वचेत मेलॅनोमा झालाच, तर तो बऱ्याचदा जिथे ऊन पोचत नाही तिथे होतो. तळवा, तळहात, नखाखाली. बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. तेव्हा एकाच नखात आलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ, तळपायावरचा नवा काळा ठिपका, महिनाभर न भरणारी जखम, यातलं काही दिसलं तर "लागलं असेल" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना मोजे काढून दाखवा. आपण पाय दाखवत नाही आणि तेही विचारत नाहीत, असं फार होतं.

बाकी उन्हाचं म्हणाल, तर साधा उपाय खरंच चालतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ लोकांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कर्करोग साधारण ४० टक्के कमी झाले. वांग असलेल्यांनी किंचित रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

मार्चमध्ये मी पुण्याला गेले, तेव्हा बॅगेत अशा सनस्क्रीनच्या दोन ट्यूब होत्या. आई जरा हिरमुसली. "एवढंच?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो आणि तिची कपाटातली ट्यूबही बरोबर नेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "किती वर्षं?" आई माझ्याकडे बघत म्हणाली, "तीन." मला एक वर्ष वाटत होतं.

आता ते मलम हळूहळू कमी करत बंद करणं चालू आहे. तिचा चेहरा सध्या लाल आहे आणि ती रोज फोटो पाठवते. मी तिला मॅनेजरबाईंचे जानेवारीतले आणि एप्रिलमधले फोटो दाखवले, त्यांनीच दिले होते. आई म्हणाली, "तिचं औषध वेगळं, माझं वेगळं." मी म्हटलं, हो, पण धीर एकच.